एमजीबी १९६५: दुसऱ्या गिअरमधली घरघर

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार

गाडी: एमजीबी रोडस्टर, १९६५ ची उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंजिन १७९८ सीसी, पाच मेन बेअरिंगांचं. गिअरबॉक्स चार गिअरचा, पण सिंक्रो (गिअर टाकताना आधी वेग जुळवून घेणारी कडी) वरच्या तिघांनाच. पहिल्याला सिंक्रो देणारा गिअरबॉक्स या मॉडेलला १९६७ च्या शेवटी आला. माझ्या गाडीला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथ्याच्या वरचा जादा वेगाचा जोड, नाही.

तक्रार: दुसऱ्या गिअरमध्ये ओढ घेताना जाड घरघर येते. शिट्टी नाही, खडखड नाही. जात्यात बारीक खडा सापडला की दळण जसं करकरतं, तसा आवाज. गिअर लिव्हरवर तळवा ठेवला तर हातालाही कळतो.

हा आवाज आजचा नाही. गेलं वर्षभर तो होता आणि मी त्याला पहिल्या गिअरचाच आवाज समजत होतो. या गिअरबॉक्समध्ये पहिला आणि रिव्हर्स हे दोन गिअर सरळ दात्यांचे आहेत, बाकीचे तिरप्या दात्यांचे. सरळ दाते एकदम पूर्ण रुंदीनं भिडतात, म्हणून पहिला गिअर नवा असतानाही किंचाळतो. त्या किंचाळण्याची कानाला इतकी सवय झाली की त्यामागून दुसरं काही येतंय हे लक्षातच आलं नाही. आज पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना खिडकी बंद होती, रस्ता रिकामा होता, आणि किंचाळणं थांबल्यावर घरघर तेवढी मागे उरली.

एक गोष्ट आजच ठरवली. आवाज कुठला ते कळेपर्यंत पाना हातात घ्यायचा नाही. या गाडीचा गिअरबॉक्स खालून एकटा उतरत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनं वरून काढावे लागतात. एवढं करून चुकीचा भाग बदलला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

१३ ऑक्टोबर

उभ्या गाडीवरच्या चाचण्या. लेक क्लच दाबायला बसली, मी बॉनेट उघडून आणि नंतर खाली झोपून ऐकलं.

न्यूट्रल, इंजिन आयडलवर, क्लच सोडलेला: बारीक घरघर आहे. क्लच दाबला: लगेच जात नाही, दोन-तीन सेकंदांत मंदावत विरते. "बाबा, आता थांबला," असं ती वरून सांगत होती आणि प्रत्येक वेळी तो विराम जवळपास सारखाच होता. हा विरण्याचा वेळ महत्त्वाचा आहे. क्लच दाबल्यावर इनपुट शाफ्ट (इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणारा दांडा) इंजिनपासून सुटतो, पण तो आणि त्याच्याशी कायम भिडलेला लेगिअर (ती ताकद पुढे मेन शाफ्टवरच्या, म्हणजे बाहेर जाणाऱ्या दांड्यावरच्या, गिअरना देणारा खालचा गिअरसंच) जडत्वानं थोडा वेळ फिरत राहतात. आवाज त्यांच्याबरोबर थांबतो, म्हणजे तो त्यांच्यापैकीच कुणाचा तरी आहे.

क्लचचं रिलीज बेअरिंग संशयातून सुटलं. या गाडीत ते बॉल बेअरिंग नसून कार्बनची कडी आहे. तिचा आवाज पेडल दाबल्यावर यायला हवा, इथे पेडल दाबल्यावर जातो. क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) शेपटातला स्पिगॉट बुशही, म्हणजे इनपुट शाफ्टचं टोक ज्यात बसतं ती नळी, त्याच न्यायानं सुटला. इनपुट शाफ्ट आणि क्रँक यांच्या वेगात फरक फक्त क्लच दाबलेला असतानाच असतो, बुशला फिरण्याचं काम तेव्हाच पडतं.

१९ ऑक्टोबर

रस्त्यावर. पहाटे निघालो, वारा नव्हता. फोन गिअर लिव्हरच्या बुडाशी चिकटवून ध्वनिमुद्रण केलं.

पहिल्यात स्वतःचं किंचाळणं, त्याखाली काय आहे ते ऐकू येत नाही. दुसऱ्यात स्पष्ट घरघर. तिसऱ्यात आहे, पण हलकी. चौथ्यात शांत. ॲक्सिलरेटरचं पेडल सोडून गाडी गिअरमध्ये उतरत असताना आवाज कमी होतो, पण जात नाही.

मग एकच वेग ठेवून दोन गिअर तपासले. या गाडीत चौथ्या गिअरला दर १००० आरपीएमला साधारण २८.८ किलोमीटर वेग मिळतो. तिसऱ्याचं गुणोत्तर १.३७, म्हणजे २१ किलोमीटर. ताशी ५० किलोमीटरला चौथ्यात इंजिन १७०० च्या थोडं वर, तिसऱ्यात २४०० च्या आसपास. चाकं, डिफरन्शिअल आणि प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समागचे, चाकांपर्यंत ताकद नेणारे भाग) दोन्ही वेळा तेवढ्याच वेगानं फिरतात. ५० ला चौथ्यात शांत, ५० लाच तिसऱ्यात घरघर. म्हणजे मागचं सगळं निर्दोष. उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडली, तेव्हाही आयडलवरची ती बारीक घरघर सोडून नवं काही आलं नाही.

चौथा शांत का, तर तो थेट गिअर आहे, गुणोत्तर १.००. इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट एकमेकांना थेट जखडले जातात. लेगिअर तेव्हाही फिरतो, पण त्याच्या दात्यांमधून ताकद जात नाही.

निष्कर्ष लिहिला: इनपुट बेअरिंग चौथ्यातही फिरतंच, तिथे आवाज नाही, म्हणून इनपुट बेअरिंग चांगलं.

२० ऑक्टोबर

कालचा निष्कर्ष खोडला.

काकांना फोन केला. गिअरबॉक्सचं काम मी त्यांच्या हाताखाली शिकलो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, चौथ्यात इनपुट बेअरिंगवर भार कुठून येणार? ते नुसतं फिरतं. भार येतो दात्यांच्या ढकलण्यातून, आणि चौथ्यात दाते ढकलतच नाहीत."

बरोबर आहे. तिरपे दाते एकमेकांना बाजूलाही ढकलतात आणि आसाच्या दिशेनंही. तो रेटा पहिल्या तीन गिअरमध्येच असतो. भार नसला की खराब बेअरिंगही जवळपास गप्प राहतं. चौथ्याच्या शांततेनं मागची चाकं संशयातून सुटली, इनपुट बेअरिंग सुटलं नाही. इनपुट बेअरिंग आणि लेशाफ्ट (लेगिअर ज्याच्यावर फिरतो तो दांडा) असे दोन संशयित अजून उरलेच आहेत.

"मग वेगळे कसे करायचे?"

"दुसऱ्यात आणि तिसऱ्यात सारखाच आवाज येतो का ते बघ. पण वेग सारखा ठेवू नकोस, आरपीएम सारखे ठेव आणि ॲक्सिलरेटरचं पेडलही सारखंच."

फोन ठेवल्यावर कागदावर मांडून बघितलं तेव्हा कळलं. आरपीएम आणि पेडल सारखं, तर इंजिनची ओढ सारखी. मग इनपुट शाफ्टचा गिअर लेगिअरला ज्या ताकदीनं ढकलतो तीही सारखी, गिअर कुठलाही असो. त्यामुळे इनपुट बेअरिंगच्या भारात दुसऱ्या-तिसऱ्यात फारसा फरक पडू नये. लेगिअरचं तसं नाही. त्याच्यावरचा दुसऱ्या गिअरचा भाग तिसऱ्याच्या भागापेक्षा लहान व्यासाचा आहे. तोच पीळ (टॉर्क) लहान व्यासातून बाहेर काढायचा तर दात्यांवरचा जोर जास्त, आणि तो सगळा लेशाफ्टच्या बेअरिंगांवर येतो. दुसरा गिअर जास्त गुरगुरला तर लेशाफ्ट. दोन्ही सारखे गुरगुरले तर इनपुट.

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न सुचला नव्हता.

२६ ऑक्टोबर

चाचणी. अर्धं पेडल दोनदा सारखं दाबणं जमत नाही, पूर्ण दाबणं जमतं. म्हणून प्रत्येक वेळी १५०० पासून पेडल तळाला नेलं आणि काटा २५०० पार करतानाचा आवाज पकडला. दुसऱ्यात ते साधारण ३३ किलोमीटरला येतं, तिसऱ्यात ५२-५३ ला. प्रत्येकी सहा वेळा, एकाच सपाट पट्ट्यावर, दोन्ही दिशांनी.

घरी शांत खोलीत हेडफोन लावून ऐकलं. तिसऱ्यात वाऱ्याचा आणि टायरचा आवाज जास्त, हे लक्षात ठेवूनही फरक स्पष्ट आहे. दुसऱ्यात घरघर पुढे येते, तिसऱ्यात ती इंजिनच्या आवाजाच्या मागे राहते. लेकीला न सांगता तुकडे उलटसुलट ऐकवले. बारापैकी बारा तिनं बरोबर ओळखले.

लेशाफ्ट. अजून खात्री नाही, पण आता बोट एका जागी आहे.

२७ ऑक्टोबर

तेल काढलं. गाडी थोडी फिरवून गरम असतानाच, म्हणजे तळाशी बसलेलंही तेलाबरोबर बाहेर येतं.

प्लग सुटताच वास आला. गंधकाचा, नाकात बसणारा. हे डिफरन्शिअलला घालतात तसं जड, एक्स्ट्रीम प्रेशरचं गिअर ऑइल आहे. या गिअरबॉक्सला इंजिन ऑइल लागतं, २०डब्ल्यू-५०. जड तेलातली गंधकाची द्रव्यं पोलादी दात्यांना सांभाळतात, पण गरम झाल्यावर ब्राँझवर चढतात, आणि सिंक्रोच्या कड्या ब्राँझच्याच. माझ्या आधीच्या कुणीतरी ते भरलं असणार. गिअरबॉक्स म्हणजे गिअर ऑइल, असं वाटणं साहजिक आहे. शिवाय जाड तेल घरघर दाबून ठेवतं.

तेल जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर जे राहिलं ते उन्हात नेऊन बघितलं. राखाडी चिखल होता, तो प्रत्येक जुन्या गिअरबॉक्समध्ये असतो, बोटांमध्ये चोळला तर ग्रीससारखा लागतो. सोनेरी चकाकी थोडी होती, चुंबकाला न चिकटणारी. ती सिंक्रोच्या कड्यांची किंवा थ्रस्ट वॉशरची (लेगिअरच्या टोकांशी बसणाऱ्या चकतीची). या दोघांची मला चिंता नाही. चिंता तिसऱ्याची. तांदळाच्या कणीपेक्षा लहान, कागदाइतके पातळ, एका बाजूनं चकचकीत आणि दुसऱ्या बाजूनं खरखरीत असे सात पापुद्रे. चुंबक जवळ नेताच उभे राहिले. झीज अशी दिसत नाही. झिजणारं पोलाद पीठ होऊन येतं. पापुद्रा येतो तो वरचा कडक थर खालच्या मऊ पोलादापासून सुटतो तेव्हा.

गालिच्याखालचं रबरी बूच काढून डिपस्टिकच्या भोकातून नवं २०डब्ल्यू-५० भरलं, अडीच लिटरच्या थोडं वर. पापुद्रे एका डबीत ठेवले.

२ नोव्हेंबर

नव्या तेलात आवाज वाढला. अपेक्षितच होतं, जाड तेलाचं पांघरूण गेलं.

खाली झोपून लाकडी दांडा एका टोकानं गिअरबॉक्सवर आणि दुसऱ्यानं कानामागच्या हाडाला लावून ऐकलं. सगळ्यात मोठा आवाज पुढे, बेल हाउसिंगपाशी, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनला जोडतो तिथे. पण गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं घर, म्हणजे बाहेरचं कवच, आवाज सगळीकडे नेतं, त्यामुळे नुसत्या दांड्यावर निकाल लावायचा नाही.

दांडा मागे नेताना निराळंच सापडलं. मागच्या आडपट्टीवरचं एक रबर माउंटिंग पूर्ण दबलंय, धातू धातूवर बसलाय. म्हणजे गिअरबॉक्सचा आवाज त्या वाटेनं सरळ बॉडीत चढतोय.

३ नोव्हेंबर

दोन्ही माउंटिंग बदलली. आतला आवाज निम्म्याहून कमी झाला.

हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो. आज संध्याकाळी गाडी चालवताना इतकी छान वाटली की काम झालं असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं. नुसतं कानानं ठरवलं असतं तर मी तिथेच थांबलो असतो, आणि आणखी काही महिन्यांनी एखादा पापुद्रा दात्यांत अडकून लेगिअरच फुटला असता. आवाजाची वाट बंद झाली, आवाज आहे तिथेच आहे. घरी आल्यावर डबी उघडून ते सात पापुद्रे पुन्हा बघितले आणि इंजिन काढायची तारीख ठरवली.

९ आणि १० नोव्हेंबर

बॉनेट, रेडिएटर, एक्झॉस्ट, प्रॉपेलर शाफ्ट, तारा, नळ्या. इंजिन-गिअरबॉक्स तिरपं करून वर काढलं, गिअरबॉक्स वेगळा केला. क्लच प्लेटमध्ये भरपूर जीव आहे. कार्बनची कडी अर्धी झिजलीय, ती आता बदलायचीच, पुन्हा इथवर हात पोहोचणार नाही.

१६ नोव्हेंबर

गिअरबॉक्स उघडला.

लेशाफ्ट हा न फिरणारा दांडा. त्याच्यावर सुई बेअरिंगांच्या आधारानं पोकळ लेगिअर फिरतो. दांडा काढण्याआधी त्याच्या टोकावर सेंटर पंचानं वरची बाजू खूण करून घेतली, नाहीतर बाहेर आल्यावर कुठली बाजू कुठे होती ते सांगता येत नाही. मग त्याच जाडीचा, पण घराच्या आतल्या मापाचा एक आखूड नकली दांडा मागून लावून खरा दांडा ढकलत बाहेर काढला. बेअरिंगं नकली दांड्यावर राहिली आणि लेगिअर अलगद तळाशी बसला.

दांडा रॉकेलनं धुऊन पुसला. खूण वर करून धरला आणि बघायला भिंग लागलंच नाही. पुढच्या टोकाला, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत वरचा थर उडालाय. कडा दातेरी, आत फिकट, दाणेदार पोलाद. नख फिरवलं तर अडकतं. मागच्या टोकाला तसाच डाग, पण लहान. दांड्याची बाकीची गोलाई आरशासारखी, नव्यासारखी.

एकाच बाजूला का, हे समोर दांडा धरल्यावरच नीट पटलं. दाते लेगिअरला मेन शाफ्टपासून दूर, खाली ढकलतात. खुंटीला अडकवलेल्या कडीचं वजन खुंटीच्या वरच्या अंगावर येतं, तसा हा सगळा भार दांड्याच्या वरच्या अंगावर येतो. दांडा फिरत नाही, म्हणून साठ वर्षं तोच अंगठ्याएवढा भाग मार खात राहिला. आणि पुढचं टोक जास्त खराब, कारण इनपुटचा गिअर पुढे आहे. पहिला असो, दुसरा असो वा तिसरा, पुढच्या बेअरिंगला सुट्टी नाही.

पुढच्या सुई बेअरिंगच्या सुया काळवंडल्यात, दोघींना कंगोरे पडलेत. लेगिअरचं आतलं भोक नखानं आणि मग भिंगानं तपासलं. चरे आहेत, खड्डे नाहीत. लेगिअर वाचला. दुसऱ्या गिअरचे दाते एका अंगानं धुरकट दिसतात, पण कड शाबूत. पहिल्याच्या दात्यांची टोकं गोल झालीत. सिंक्रो नसलेल्या गिअरमध्ये चालत्या गाडीत टाकण्याची ती किंमत, त्यात माझाही वाटा आहे.

डबीतला एक पापुद्रा दांड्यावरच्या खड्ड्याशेजारी ठेवून बघितला. चकचकीत बाजूचा बाक दांड्याच्या गोलाईशी जुळला.

१७ नोव्हेंबर

इनपुट बेअरिंग तपासलं. धुऊन कोरडं फिरवलं तर कुठलंही बॉल बेअरिंग खराबच वाटतं, खुळखुळतं. म्हणून आधी पातळ तेलाचे चार थेंब, मग बोटांवर हळू फिरवायचं. (हवेच्या पाइपनं गरगर फिरवायचं तर कधीच नाही. त्या वेगानं बेअरिंग खराब होतं, क्वचित फुटतंही.) तेलावर ते गुळगुळीत फिरलं, कुठेही अडलं नाही. १९ ऑक्टोबरला मी त्याला चुकीच्या कारणानं निर्दोष म्हटलं होतं. निघालं निर्दोषच. तरीही बदलतोय, गिअरबॉक्स उघडा आहे तेव्हा.

२३ नोव्हेंबर

नवा लेशाफ्ट आला. मायक्रोमीटरनं माप बरोबर. मग बेअरिंगं जिथे बसत नाहीत अशा टोकाशी कानस हलक्या हातानं फिरवली. कानस घसरायला हवी होती, काचेवरून घसरते तशी. ती चावली, चमकदार रेघ उमटली. वरचा थर पुरेसा कडक केलेलाच नाही. हा दांडा बसवला असता तर थोड्याच दिवसांत हीच नोंद पुन्हा लिहावी लागली असती. परत पाठवला, दुसरीकडून मागवला.

३० नोव्हेंबर

दुसरा दांडा. कानस घसरली, रेघ नाही. ठेवला.

१ डिसेंबर

जुळणी. नकली दांड्यावर नवी सुई बेअरिंगं आणि मधली नळी ग्रीस लावून बसवली, लेगिअर थ्रस्ट वॉशरांसह घराच्या तळाशी ठेवला. मेन शाफ्ट आणि इनपुट शाफ्ट जागेवर गेल्यावर लेगिअर वर उचलून दाते भिडवले आणि खरा दांडा सरकवला. नकली दांडा दुसऱ्या बाजूनं बाहेर येत असताना दोघांची टोकं एकमेकांपासून सुटू द्यायची नाहीत, फट पडली की वॉशर त्यात सरकतो. पहिल्यांदा सरकलाच. सगळं काढून पुन्हा.

लेगिअरची लांबीतली फट ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर हवी. फीलर गेजनं ०.१५ आली. मागचा थ्रस्ट वॉशर वेगवेगळ्या जाडीत मिळतो, त्यातला एक जाड घेतला. पुन्हा सगळं उतरवणं, पुन्हा चढवणं. ०.०७. इथेच दिवस संपला.

७ आणि ८ डिसेंबर

इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीत. नवी कार्बनची कडी. तेल २०डब्ल्यू-५०. आयडलवर न्यूट्रल, क्लच सोडलेला: घरघर नाही. लेकीनं सवयीनं क्लच दाबला आणि विचारलं, "थांबायचं काय आहे?"

१४ डिसेंबर

त्याच पट्ट्यावर, पेडल तळाला, दुसऱ्यात २५००. फोन त्याच जागी चिकटवलेला. इंजिन, एक्झॉस्ट, टायर. पहिला गिअर पूर्वीसारखाच किंचाळतो, आणि दुसऱ्यात टाकल्यावर त्याच्यामागे आता काहीच उरत नाही. जुनं आणि नवं ध्वनिमुद्रण एकापाठोपाठ ऐकून काकांना पाठवलं. त्यांचा फोन आला, "पाचशे किलोमीटरनंतर तेल गाळून बघ, मग बोलू."

१८ जानेवारी २०२५

५२० किलोमीटर झाले. गरम तेल काढलं, तेच मलमलचं फडकं धुऊन त्यातून गाळलं. राखाडी चिखल, बोटाच्या पेरावर मावेल एवढा, नव्या भागांनी जागा धरल्याचा. चुंबक फडक्यावरून तीनदा फिरवला. उभं राहिलं असं काही नाही.

नवं तेल भरलं, डिपस्टिकवर वरच्या खुणेला. बूच लावलं, गालिचा खाली सोडला.